एका हाताने उचलता येईल असा अ‍ॅम्प

कारा-बेल हवामान केंद्र
४ ऑक्टोबर २००९

दाजींना सलाम,

ताईला सांगा, लोकरीचे मोजे आणि जर्दाळूचा जॅम मिळाला. मोजे माझ्या पायात आहेत, जॅम गेन्नादी पाव्लोविचांच्या पोटात. साठीचा माणूस, केंद्राचा प्रमुख, पण गोड दिसलं की त्यांचं मांजर होतं. दोन दिवसांत बरणी चाटूनपुसून लख्ख.

पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. मला एक अ‍ॅम्प हवाय. तुम्ही अख्ख्या बाजाराचे रेडिओ नि स्पीकर दुरुस्त करता, तेव्हा तुम्हाला नाही सांगायचं तर कुणाला?

दर शुक्रवारी संध्याकाळची नोंद झाली की आम्ही तिघं वाजवायला बसतो. गेन्नादींचा अकॉर्डियन, मेकॅनिक जोरोबेकचा डिझेलचा रिकामा डबा आणि माझी, म्हणजे बाबांची, लाल गिटार. पण ती पडली इलेक्ट्रिक. तिला अ‍ॅम्प नसेल तर तिचा आवाज तिलाच ऐकू येतो. काल जोरोबेक म्हणाला, "कुबात, तू वाजवतोयस की माश्या हाकतोयस?"

जनरेटर दिवसाला दोन तास चालतो. सौर बॅटरी उपकरणांसाठी. गेन्नादी तिच्यावर स्वतःचं दाढीचं मशीनसुद्धा लावत नाहीत. तेव्हा अ‍ॅम्प सेलवर चालणारा पाहिजे. एका हाताने उचलता आला पाहिजे, घोड्याच्या खोगिरामागे बांधता आला पाहिजे. अकॉर्डियनला पुरून उरेल, पण दाबमापकाची लेखणी हलणार नाही एवढाच आवाज. मागच्या महिन्यात जोरोबेकने डबा असा बडवला की कागदावर वादळ उमटलं आणि खालून रेडिओवर विचारणा आली.

घोडा कशाला, असं विचाराल. हे ताईलाही सांगू नका. मे महिन्यात मला सुटी आहे. बाबा तेव्हा मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर असतील. दोन वर्षं ते माझ्याशी बोललेले नाहीत. मी गिटार भिंतीवरून न विचारता उतरवून आणली, हा राग. चूक माझीच, पण मागितली असती तर त्यांनी दिली नसती. आता मी त्यांच्या तंबूसमोर अ‍ॅम्प ठेवून, ते गावच्या क्लबात वाजवायचे ती चाल वाजवणार. मग मारतील नाहीतर गातील. दोन्ही चालेल. गप्प बसलेले मात्र आता सहन होत नाहीत.

तुमचा,
कुबात

*

बिश्केक
२१ ऑक्टोबर २००९

गाढवा, तुलाही सलाम,

लोकांचे मेव्हणे सत्तावीस वर्षांचे झाले की बायको शोधायला सांगतात. आमचा मेव्हणा अ‍ॅम्प शोधायला सांगतो. बरं आहे, अ‍ॅम्पला तू आवडलास की नाही हे कुणी विचारत नाही.

तुझ्या ताईला मागणी घालायला आलो तेव्हा माझ्या टोपीत मेंढीच्या लेंड्या कुणी भरल्या होत्या, हे मी विसरलेलो नाही. तरी तुला मदत करतोय. माझं मन मोठं आहे, लिहून ठेव.

आता नीट ऐक. बाजारात सेलवर चालणारे तीन जातींचे मिळतात. पहिला काडेपेटीचा थोरला भाऊ. कमरपट्ट्याला अडकतो, पण आवाज डब्यात कोंडलेल्या डासासारखा. तुझ्यासारख्याला शोभेल, पण नको. दुसरा आठ इंची स्पीकरचा. काय बोलतो! पण सेलवर तासभर तग धरतो आणि वजन म्हणशील तर वर्षाच्या कोकराएवढं. तिसरा मधला. सहा पेन्सिल सेल, पुढे छोटे दोन स्पीकर, पिशवीत मावतो. हुरळून वॅटच्या आकड्याकडे बघू नकोस. आकडे खोक्यावर छापायला शाई लागते, बाकी काही नाही. आवाज येतो तो स्पीकरच्या थाळीतून आणि पेटीच्या लाकडातून. मी प्रत्येक पेटीवर टिचकी मारून बघेन. पोकळ वाजली तर ती तुझं भावंड समजून परत ठेवेन.

एक अडचण आहे. त्या सोव्हिएत गिटारीला पाच पिनांचं भोक आहे, हल्लीच्या अ‍ॅम्पला एका जाड पिनेचं. मधे वायर करावी लागेल. मागचं झाकण उघड आणि कुठली तार कुठल्या पिनेला जोडलीय ते मला लिही. आणि हो, सेल थंडीत मरतात. अ‍ॅम्प रात्री मेंढीच्या कातड्यात गुंडाळून ठेवायचा. स्वतःला नाही गुंडाळलंस तरी चालेल.

तुझा मोठ्या मनाचा,
दाजी सागिन

*

कारा-बेल
८ नोव्हेंबर २००९

मोठ्या मनाच्या दाजींना,

झाकण उघडलं. आत बाबांनी सगळं स्वतःच्या मनाने जोडलंय. दोन तारा, दोन्ही पांढऱ्या, आणि सांध्यावर खोगिराला शिवतात तो मेणाचा दोरा गुंडाळलेला. कुठली कशाला, देव जाणे. देवाला माहीत नसलं तरी बाबांना माहीत असेल. पण त्यांना विचारू नका! दोन्ही तऱ्हांची वायर करून पाठवा, मी बघतो.

तो मधलाच घ्या, सहा सेलवाला. वजन माझ्या डाव्या हाताला विचारून ठरवा असं लिहिणार होतो, पण तो हात हल्ली रोज बर्फ खणतो. क्लबातला तो जुना अ‍ॅम्प आठवतो? तो बाबा आणि कासिमकाका दोघं मिळून ट्रकवर चढवायचे आणि मी मागून ढकलायचो. मला वाटायचं, मी ढकलतो म्हणूनच तो वर जातो.

पुढच्या टपालाने आला तर नवीन वर्षाला आम्ही तिघं वाजवू. गेन्नादींनी चार गाण्यांची यादी भिंतीला लावलीय. चारही रडकी आहेत.

तुमचा,
कुबात

*

बिश्केक
२४ नोव्हेंबर २००९

प्रिय कुबात,

तुझं पत्र मिळालं. तू खुशाल आहेस हे वाचून बरं वाटलं.

अ‍ॅम्पला थोडा उशीर होईल. सहा सेलवाला मी आणून चार दिवस चालवून पाहिला. दिव्यांजवळ ठेवला की त्यात घूं असा आवाज येतो. तुमच्या केंद्रात उपकरणं बरीच, तेव्हा तिथे हा आवाज वाढेल असं वाटतं. शिवाय सेल ठेवायच्या जागेची पत्र्याची पट्टी सैल आहे. असा पाठवणं बरोबर नाही. दुसऱ्या एका व्यापाऱ्याला सांगून ठेवलंय, त्याचा माल वर्ष सरल्यावर येतो. तोवर थांब. घाईत घेतलेली वस्तू नंतर त्रास देते.

वर थंडी फार असेल. वेळेवर जेवत जा. एकटा बाहेर जाऊ नकोस. गेन्नादी पाव्लोविच सांगतील तसं वाग. तुझी ताई तुला आशीर्वाद सांगते.

तुझा,
सागिन

*

बिश्केक
२४ नोव्हेंबर २००९

आदरणीय गेन्नादी पाव्लोविच,

आपली ओळख नाही. मी कुबातच्या बहिणीचा नवरा. हे पाकीट कुबातच्या पाकिटाबरोबर येतंय, पण ते त्याच्या हाती पडू देऊ नका.

कुबातचे वडील एसेनकुल चौदा नोव्हेंबरला वारले. हृदयाचा त्रास होता, कुबातला माहीत नव्हता. सोळाला दफन झालं.

आमच्यात मरणाची बातमी टपालाने देत नाहीत, रेडिओवर तर नाहीच. घरातली पांढऱ्या दाढीची माणसं जातात, समोर बसतात, आडून आडून विषयाला येतात आणि मग सांगतात. ऐकणारा कोसळला तर धरायला चार हात लागतात. आमच्यात थोरले ते सत्तरीचे कासिमकाका, त्यांना तुमच्या टपालाच्या ट्रॅक्टरवर बसवून वर आणता येत नाही. तेव्हा एप्रिलमध्ये खिंड उघडेपर्यंत त्याला कळू द्यायचं नाही, असं घरात ठरलं. मला हे पटलंय असं नाही. पण मी जावई माणूस, माझं मत कुणी विचारलं नाही.

माझी एक विनंती आहे. चाळीस दिवस तुमच्या शुक्रवारच्या बैठकी बंद ठेवा. खरं तर दुःखाच्या घरात वर्षभर वाद्य वाजत नाही. ज्याला माहीत नाही त्याला दोष लागत नाही, हे खरं. पण बाप मातीत जाऊन चाळीस दिवसही झाले नसताना आपण गाणी वाजवत होतो, हे त्या पोराला एप्रिलमध्ये कळलं तर तो ते जन्मभर उरावर घेऊन फिरेल. म्हणून मी अ‍ॅम्प पाठवत नाहीये. निवडून केव्हाच झालाय, माझ्या फळीवर आहे. त्यात घूं वगैरे काही होत नाही. मी खोटं लिहिलंय आणि अजून लिहावं लागणार आहे.

आपला,
सागिन

*

कारा-बेल
९ डिसेंबर २००९

सागिन,

अकॉर्डियनचा भाता फाटलाय असं मी सांगितलं. खोटं बोलता येत नाही म्हणून आधी खरोखरच फाडला. तेहतीस वर्षं जपला होता.

तुमची रीत तुमच्यापाशी. आमच्याकडे सरळ सांगतात, ग्लास भरतात आणि शेजारी बसतात. मी रोज तीन वेळा या मुलासमोर जेवायला बसतो आणि त्याच्याकडे मीठ सरकवतो. एप्रिल फार लांब आहे.

तुमची काळजी मात्र फुकट गेली. टपाल आल्यापासून त्याने गिटारीला हात लावलेला नाही. तारा गंजल्या म्हणतो.

गे. पा.

*

कारा-बेल
९ डिसेंबर २००९

दाजींना सलाम,

पत्र मिळालं. घाई नाही. सावकाश निवडा.

तो घूं आवाज नक्की कशाने येतो? तुम्ही दिव्यांजवळ म्हणालात. वायर जाड घेतली तर कमी होतो का? आठ इंची स्पीकरवाल्याचा विचार पुन्हा करावा का? लाकडाची पेटी आणि प्लास्टिकची, यात फरक किती? मला यातलं काही कळत नाही. तुम्ही सगळं सविस्तर लिहा, लांबलं तरी चालेल. इथे वाचायला दुसरं काही नाही.

गेन्नादींचा अकॉर्डियन फाटला. बर्फ खूप आहे. मी जेवतो वेळेवर.

ताईला जपा.

कुबात

*

बिश्केक
२२ डिसेंबर २००९

प्रिय कुबात,

तू इतकं बारकाईने विचारलंस, आनंद झाला. सगळ्याची उत्तरं देतो.

घूं येतो तो बाहेरच्या विजेचा. तुझ्या गिटारीतलं तारेचं वेटोळं तो पकडतं आणि अ‍ॅम्प इमानदारीने मोठा करतो. अ‍ॅम्पला सूर आणि कचरा यातलं काही कळत नाही, जे येईल ते मोठं करायचं एवढंच त्याचं काम. गिटार फिरवून धरली की एका दिशेला तो आवाज कमी होतो, ती दिशा शोधायची. जाड वायरने थोडा फरक पडतो. पेटी प्लास्टिकची असली तर खालचे सूर खोक्यातून बोलल्यासारखे येतात. लाकूड बरं, पण लाकूड जड. आठ इंची घ्यावा तर सेल पुरत नाहीत. या आठवड्यात मी आणखी तीन पाहिले. एकाचं बटण खरखरतं. एकाचं हँडल तकलादू आहे. एक चांगला होता, पण त्याला हेडफोन लावायचं भोक नाही, म्हणजे तुला एकट्याला ऐकत बसता येणार नाही.

तेव्हा अजून शोधतोय. घरचं म्हणशील तर सगळे आहेत तिथे आहेत. बाबा शांत आहेत. आता कुणावर रागवत नाहीत.

जप.

सागिन

*

कारा-बेल
१० जानेवारी २०१०

दाजी,

पुरे आता.

मला चोवीस नोव्हेंबरच्या पत्रातच कळलं होतं. ते पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा अ‍ॅम्पसाठी. दुसऱ्यांदा, काहीतरी कमी आहे असं वाटलं म्हणून. तिसऱ्यांदा बोट ठेवून ओळ न् ओळ शोधली, तुम्ही मला एकदा तरी शिवी दिलीय का. गाढव नाही, लेंड्या नाहीत, माझ्या लग्नाची चेष्टा नाही. "प्रिय कुबात"! अकरा वर्षांत तुम्ही मला प्रिय कधी म्हणालात? दाजी मेव्हण्याची थट्टा करत नाही ते एकाच घरात, जिथे रडणं चालू आहे. तुम्ही अ‍ॅम्पच्या एकेका स्क्रूचा विचार केलात आणि नेमकं हेच विसरलात.

मग मी बाहेर गेलो, मापकं वाचायला, आणि कोण असेल ते मोजत राहिलो. ताई असती तर तुमच्याने पत्र लिहवलंच नसतं. कासिमकाका असते तर तुम्ही थट्टा सोडली नसती, ते स्वतःच मरणाची थट्टा करतात. मग एकच उरलं.

गिटार मी त्याच दिवशी भिंतीकडे तोंड करून ठेवली. तारीख माहीत नव्हती, म्हणून तुमच्या पत्राच्या तारखेपासून चाळीस दिवस मोजले. ते दोन जानेवारीला संपले. गेन्नादींनी अकॉर्डियन माझ्यासाठी फाडला, हेही मला माहीत आहे. कात्रीने फाडलेलं कापड आणि जुनं होऊन फाटलेलं कापड मला ओळखता येतं. आम्ही दोघं रोज एकमेकांना मीठ देतो आणि काही बोलत नाही.

मी बोललो का नाही? ज्याला सांगितलेलं नाही त्याने रडायचं कसं, दाजी? आणि दुसरं, खरं ते हे, की तुम्ही अ‍ॅम्प शोधत होतात तोवर मला अ‍ॅम्प लागणार होता. म्हणजे मे महिना येणार होता, कुरणावर तंबू असणार होता आणि त्यात रागावलेले बाबा. म्हणून मी विचारत राहिलो, पेटी लाकडाची की प्लास्टिकची. तुम्हीही लिहीत राहिलात. पण मागच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, आता ते कुणावर रागवत नाहीत. ते मला वाचवेना.

सांगा मला. एप्रिल नको. मी रागावलेले बाबा सोडून आलो होतो, ते तसेच गेले का, तेवढं सांगा.

कुबात

*

बिश्केक
२३ जानेवारी २०१०

गाढवा, माझ्या गाढवा,

तुझे बाबा गेले. चौदा नोव्हेंबरला, सकाळी, चहा पुढ्यात असताना. अंगणात तंबू घातला, सगळा गाव आला. तंबूच्या दाराशी मुलगा काठी धरून रडतो तिथे, तुझ्या जागी, कासिमकाका उभे राहिले. घरच्यांना न विचारता मी हे लिहितोय. तुझ्या ताईने मागून वाचलं आणि दिवा जवळ सरकवला.

आता जे विचारलंस ते.

तू विचारू नका म्हणालास, पण तुझं ते पत्र निघण्याआधीच मी विचारून बसलो होतो. ऑक्टोबरअखेरीस बाबा तपासणीसाठी शहरात आले होते. दवाखान्यातून रोज माझ्या गाळ्यात येऊन बसायचे. मी सहज म्हटलं, त्या लाल गिटारीच्या पाच पिनांतली सुराची कुठली? ते म्हणाले, "कशाला पाहिजे?" मी खोटं बोलायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "पोराने अ‍ॅम्प मागितला ना? मग तुझ्या हातची वायर नको. सरक."

वायर त्यांनी केली. मग म्हणाले, अ‍ॅम्प दाखव. मी सहा सेलवाला काढला, तर मला म्हणतात, "कान भाड्याने दिलेस काय?" दोन दिवसांत त्यांनी बाजारातले नऊ अ‍ॅम्प पाहिले. दुरुस्तीला आलेली कुणाची तरी गिटार मांडीवर घेतली आणि वाजवली, कुबात. पहिल्यांदा बोटं वळत नव्हती, स्वतःलाच शिव्या दिल्या. मग वळली. शेजारचा भांडीवाला गिऱ्हाईक सोडून ऐकायला आला. निवडला तो साडेसहा इंची स्पीकरचा, लाकडी पेटीचा, आठ सेलवर चालणारा. मी तो लावून पाहिलाच नव्हता, दिसायला ओबडधोबड म्हणून. ते म्हणाले, "हा आहे तेवढंच बोलतो. फुगवून सांगत नाही." मग एका हाताने उचलून गाळ्याच्या दारापर्यंत गेले आणि परत आले. चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही. म्हणाले, "क्लबातला असा असता तर माझी कंबर शाबूत असती."

पोराला सांगू का, म्हणून मी विचारलं. म्हणाले, "नको. मे महिन्यात येऊ दे. मी तंबूतून बाहेर येणार नाही. आधी वाजवू दे."

तुझा बेत मी त्यांना सांगितला होता. मला माफ कर. नाही, माफ नको करूस, मी चांगलं केलं.

तो अ‍ॅम्प याबरोबर पाठवतोय. अडीच महिने तो माझ्या डोक्यावरच्या फळीवर होता आणि त्याच्याखाली बसून मी तुला दुसऱ्या अ‍ॅम्पच्या खोड्या लिहीत होतो. इतकं वाईट काम मी आयुष्यात केलेलं नाही.

तुझा,
दाजी

*

कारा-बेल
१४ फेब्रुवारी २०१०

दाजींना सलाम,

पाकीट आणि खोकं दोन्ही पोचलं. पाकीट मी फोडलं नाही. गेन्नादींच्या हातात दिलं आणि सांगितलं की हे मला मोठ्या माणसाच्या तोंडून ऐकायचंय. त्यांनी चष्मा लावला, टोपी काढली, जोरोबेकला माझ्या शेजारी बसवलं. आमच्याकडे आडवळणाने सांगतात हे त्यांच्या लक्षात होतं. म्हणून आधी त्यांनी हवामान सांगितलं. वारा पश्चिमेचा, दाब उतरतोय, बर्फ इतकं. मग त्यांनी पाकीट फोडलं आणि सरळ वाचायला सुरुवात केली. "गाढवा, माझ्या गाढवा." जोरोबेकने माझा दंड धरला होता.

मी बाहेर जाऊन काठी धरून मोठ्याने रडलो, बाबांना हाका मारत, जसं दारात उभं राहून रडायला हवं होतं तसं. कुणी ऐकायला नव्हतं. गेन्नादी म्हणतात की त्या वेळची नोंद त्यांनी पाच मिनिटं उशिरा घेतली. असं त्यांच्या हातून कधी झालेलं नाही.

खोकं दुसऱ्या दिवशी उघडलं. वायरीच्या दोन्ही टोकांना मेणाचा दोरा आहे. आणि अ‍ॅम्पवर जे आहे ते तुम्ही मला लिहिलं नाहीत, की तुमच्या लक्षातच आलं नाही? तिन्ही बटणांवर दवाखान्यातली पांढरी चिकटपट्टी लावलीय, फिरू नयेत म्हणून. वरच्या सुराचं बटण जवळजवळ बंद. बरोबर आहे, लाल गिटार वर किंचाळते, हे त्यांनाच माहीत. पट्टीवर पेन्सिलीने लिहिलंय, "हात लावू नको."

दोन वर्षांनी माझ्याशी बोललेले तेवढेच शब्द. गिटार नेली त्या दिवशी ओरडले होते तेही हेच.

सेल काढून मोज्यात ठेवलेत, ताईच्या. अ‍ॅम्प मेंढीच्या कातड्यात आहे. नोव्हेंबरात वर्षाचं जेवण झालं, पाहुणे उठले, की अंगणात लावीन. बाबांचा तंबू तिथे घालू, त्याच्याकडे तोंड करून. तुम्ही या, लेंड्या भरायला टोपी घेऊन या. आधी मी वाजवीन, मग कुणाला रडायचं तर रडा.

गेन्नादी काल म्हणाले, "एकदा चालू करून तरी बघ. एवढ्या लांबून आलाय, वाटेत बिघडला असला तर?"

मी म्हटलं, "नाही बिघडणार. बाबांनी तपासून दिलाय."

तुमचा गाढव,
कुबात